दिवसा झोपलेलं घर

पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी उजवीकडून डावीकडे सरकायची आणि आरोहीची बुबुळं तिच्याबरोबर सरकायची. डाव्या कडेला पोचली की एका झटक्यात परत उजवीकडे यायची, पुन्हा सावकाश डावीकडे. धावत्या बसमधून झाडं बघणाऱ्या माणसाचे डोळेही असेच हलतात. त्यात विशेष काही नाही. पट्टीच्या वर एक माणूस तावातावानं बोलत होता, हात उडवत होता, आणि आरोहीची नजर त्याच्या तोंडाकडे एकदाही गेली नाही. जाण्याचं कारणही नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद होता.

उज्वलानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आरोही अडीच वर्षांची होती. उज्वला द्राक्षं तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. परदेशी जाणाऱ्या मालात फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय हे बघायचं काम. बारीक गोष्ट नजरेतून सुटू द्यायची नाही, ही तिची सवय होती. ही गोष्टही सुटली नाही. तिनं फक्त तिचा अर्थ चुकीचा लावला. मुलीचं लक्ष किती छान लागतं, असं तिला वाटलं.

आवाज बंद असण्याचं कारण आतल्या खोलीत झोपलेलं असायचं. उज्वलाचा नवरा योगेश अंबडच्या एका कारखान्यात मशिनवर होता, कायम तिसऱ्या पाळीत. ही पाळी त्यानं स्वतः मागून घेतली होती. आरोही झाली, उज्वलाची रजा संपत आली, तेव्हा दोघांनी बसून ठरवलं होतं की पाळणाघर नको. योगेशची आई, चतुराबाई, कळवणहून येऊन राहायला तयार होत्या, पण त्यांचे गुडघे धड नव्हते. योगेश रात्री कामाला गेला तर दिवसा घरात असेल. आजी जवळ असेल आणि हाकेच्या अंतरावर बाप. रात्रभर मशिनपुढे उभा राहिलेला माणूस दिवसा काय करेल, एवढंच त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

तो झोपायचा. पाथर्डी फाट्याजवळ त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि मधलं दार पातळ होतं. सुरुवातीला आरोहीच्या रडण्यानं तो सारखा जागा व्हायचा. त्याच सुमारास त्याच्या पाळीतल्या एकाला डुलकी लागली आणि त्याची दोन बोटं मशिनमध्ये गेली. त्यानंतर घरानं योगेशची झोप देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखी सांभाळली. दाराच्या घंटीची वायर काढली. कुकर सकाळी तो यायच्या आत लावायचा असं ठरलं. आरोहीच्या बारशात आलेल्या पैंजणांचे घुंगरू सोनाराकडून काढून आणले. चतुराबाई एरवी बोलक्या बाई, पण त्याही खुणांवर आल्या. पोटावर हात म्हणजे भूक लागली का, गालाखाली हात म्हणजे झोपायचं का. आरोही मान हलवायची किंवा हलवायची नाही.

आणि दिवसभर टीव्ही. चतुराबाई आपल्या मालिकाही मुक्याच बघायच्या. गोष्ट कळते का, असं उज्वलानं एकदा विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रडतेय ते दिसतंच, त्याला आवाज कशाला पाहिजे.

लहान मुलांना टीव्ही चांगला नाही हे उज्वलानं वाचलेलं होतं. पण तिच्या मते वाईट होता तो त्यातला आरडाओरडा, जाहिराती, भांडणं. आवाज काढून टाकला की उरतं ते हलणारं चित्र. औषधाची मात्रा निम्मी केल्यासारखं. टीव्हीतून काय बाहेर येतं याचाच तिनं विचार केला. तो चालू असताना खोलीत काय होत नाही, इकडे तिचं लक्ष गेलं नाही.

मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, "तुमच्या घरात लहान मूल आहे हे कळतसुद्धा नाही हो." ते कौतुक होतं, आणि घरानं ते कौतुक म्हणूनच घेतलं.

तीन वर्षं झाली तरी आरोही हाकेला वळत नव्हती. आधी लाडात येऊन वळत नाही असं ठरलं, मग हट्टी आहे असं ठरलं, मग कानांची तपासणी करायचं ठरलं. मुलीला झोपेचं औषध पाजलं, डोक्याला तारा चिकटवल्या आणि आई-बापाला बाहेर बसवलं. बाहेरच्या बाकावर बसून दोघंही एकाच गोष्टीची आशा करत होते, आणि ती एकमेकांना सांगत नव्हते. कानात दोष निघावा. बहिरेपणाला यंत्र असतं. कोणतं यंत्र चांगलं याची योगेशनं एका मित्राकडे चौकशीही करून ठेवली होती.

कान उत्तम होते. तपासणाऱ्या बाईंनी हे हसत सांगितलं. योगेशनं विचारलं, "नीट बघितलं ना?" त्यांना वाटलं, बापाला आनंदानं खरं वाटत नाहीये. त्यांनी पुन्हा हसून सांगितलं.

मग मुलांच्या वाढीचे डॉक्टर झाले. त्यांनी दिवसाचा सगळा क्रम विचारून घेतला. उज्वलानं काही लपवलं नाही. किती तास, किती अंतरावरून, आवाज बंद, घरात बोलणं जवळजवळ नाही. टीव्हीमुळे हे झालं का, असं तिनं सरळ विचारलं. डॉक्टर सांभाळून बोलणारे होते. काही मुलं जन्मतःच अशी, स्वमग्न असतात, टीव्ही त्यांना तसं करत नाही, असं ते म्हणाले. पण अशा मुलांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त चेहरे लागतात, जास्त बोलणं लागतं, आणि हिला इतरांच्या मानानंही फार थोडं मिळालं. यातलं कशामुळे किती, हे वेगळं काढता येणार नाही. "टीव्ही नसता तर तुम्हाला वर्षभर आधी कळलं असतं," ते म्हणाले, "एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो."

लॅबमध्ये द्राक्षाच्या प्रत्येक नमुन्याबरोबर औषध न मारलेल्या द्राक्षांचा एक नमुना चालवतात. त्याला ब्लँक म्हणतात. यंत्र जे दाखवतंय ते औषधामुळेच की मुळातच तिथं होतं, हे ब्लँकशिवाय सांगता येत नाही. शंका आलीच तर प्रत्येक मालातला थोडा भाग गोठवून ठेवलेला असतो, तो काढून पुन्हा तपासतात. परतताना रिक्षात उज्वलाला हे आठवत राहिलं. आरोही तिच्या मांडीवर होती आणि रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब बघत होती.

त्या संध्याकाळी उज्वला मोरीपाशी बसून रडली. आवाज न करता, कारण योगेश कामावर जाण्याआधी तासभर पडला होता. चतुराबाई गुडघा धरत तिच्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "योगेशबी असाच होता. चार वर्षांचा होईस्तोवर शब्द नव्हता तोंडात. मंग एक दिवस लागला बोलायला. इतकं काय मनाला लावून घ्यायचं."

उज्वलानं डोळे पुसले. हे तिनं योगेशला सांगितलं, आणि योगेशनं ते दोन्ही हातांनी धरलं. मित्रांना, शेजाऱ्यांना, फोनवर मेहुण्याला तो सांगायचा की बापावर गेलीये पोरगी, बाप पण उशिराच बोलला. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही असायचा. आरोही चार वर्षांची झाली तेव्हा त्यानं पेढे आणले. आता कधीही बोलेल, असं त्याला वाटत होतं. चारची साडेचार झाली, साडेचारची पाच. लॅबमध्ये नुसत्या तोंडी माहितीवर उज्वलानं कधी सही केली नसती. ही माहिती तिनं तपासली नाही.

मधल्या काळात त्यांनी हात बांधून ठेवले होते असं नाही. मुलीबरोबर बसून टीव्ही बघा, बघताना बोला, हळूहळू टीव्ही बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शनिवारी अंबडला सुट्टी. योगेश आरोहीला मांडीवर घेऊन बसला आणि त्यानं पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज मोठा केला. आरोही दचकली. दोन्ही हात कानांवर ठेवून ती उतरली, तिनं त्याच्या हातातला रिमोट घेतला आणि नेमकं तेच एक बटण दाबलं. आवाज गेला. ती पुन्हा येऊन पडद्यासमोर बसली. "बघ, डोकं किती चालतं तिचं," योगेश हसून म्हणाला. डोकं चालत होतं, हे खरंच होतं. तिच्या जगात माणसांची तोंडं हलायची आणि त्यांना आवाज नसायचा. कुणीतरी ते बिघडवलं होतं आणि तिनं ते दुरुस्त केलं होतं. उज्वलाला हसू आलं नाही.

टीव्ही काढला. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. भिंतीवर त्याच्या जागी रंगाचा उजळ चौकोन उरला. काही दिवस आरोही त्या चौकोनासमोर बसली, मग तिला बाल्कनी सापडली. खालून हायवे जायचा. बाल्कनीच्या बाजूची वाहनं उजवीकडून येऊन डावीकडे जायची. आरोही गजाला कपाळ टेकून उभी राहायची आणि तिची बुबुळं सावकाश डावीकडे सरकून झटक्यात परत यायची.

टीव्ही नसला म्हणून त्याच्या जागी बोलणं आलं असं झालं नाही. योगेशनं पहिली पाळी मागितली. साहेब म्हणाले, जागा झाली की बघू. जागा झाली नाही. तो रात्री जायचा, दिवसा झोपायचा, आणि मधल्या दाराच्या अलीकडे आजी आणि आई आरोहीला कुजबुजत शब्द शिकवायच्या. ही चिमणी. हा पाव. हे पाणी. कुजबुजताना माणसाचा चेहराही फारसा हलत नाही. उज्वलाच्या हे लक्षात आलं तेव्हा ती मुलीला घेऊन खाली बागेत जायला लागली आणि मोठ्यानं बोलायला लागली. पण बागेत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असायची, आणि आरोहीला झोका हवा असायचा, बोलणं नको असायचं. आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणाऱ्या ताईंकडे न्यायचं, तिथून आणलेली चित्रं घरी भिंतीला लावायची. आरोही चित्रांच्या कडा बोटानं घासायची.

जूनमध्ये पहिलीचा प्रश्न आला. बालवाडीच्या बाईंनी, जितकं न दुखवता सांगता येईल तितकं न दुखवता, सांगितलं होतं की आरोही खिडकीपाशी बसते, त्रास काही देत नाही, पण वर्गात ती नसतेच. पंचवटीच्या बाजूला विशेष मुलांची एक शाळा होती. उज्वला एकटीच जाऊन बघून आली. तिथल्या मॅडम पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. एक जागा आहे, असं त्या म्हणाल्या; गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा, मागे अजून मुलं थांबली आहेत.

उज्वलानं विचारलं, "ती बोलेल का?"

"काही शब्द येतील कदाचित," मॅडम म्हणाल्या. "नाही आले तर चित्र दाखवून मागायला शिकवू. पाणी, भूक, शी. कुठे दुखतंय ते. दोन वर्षं आधी आणली असती तर..." टेबलावरचे रंगीत ठोकळे त्यांनी डब्यात भरले.

योगेश ऐकायला तयार नव्हता. तिथं एकदा नाव लागलं की लागलं, असं त्याचं म्हणणं. मग साधी शाळा तिला कधी घेणार नाही. सहा महिने थांबू. तो चारला बोलला, ती सहाला बोलेल, मुलींचं काही सांगता येत नाही. उज्वलाला हे पटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. त्याची माहिती खरी असेल तर सहा महिने थांबण्यात अर्थ होता. असा वाद गेलं वर्षभर अधूनमधून होत होता, कुजबुजत, आणि दर वेळी बघू या शब्दावर संपत होता.

गुरुवारी उज्वलानं रजा घेतली. काय कळवायचं ते ठरलं नव्हतं. योगेश नेहमीसारखा सकाळी येऊन झोपला. दुपारी दारावर थापा पडल्या. घंटी वाजत नव्हती म्हणून थापा, आणि त्याही चांगल्या जोरात. लंकाबाई होत्या, योगेशची आत्या, चतुराबाईंची नणंद. नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन कळवणहून आल्या होत्या, पिशवीभर ओल्या शेंगा बरोबर होत्या.

उज्वलानं ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली. लंकाबाईंनी दोन वाक्यं हळू बोलून पाहिली, पण तो आवाज त्यांच्या घशाला मानवला नाही.

"वहिनी, घरात कुणी वारलंय का काय? काय हे, चोरावानी बोलता."

चतुराबाईंनी हसून परात ओढली. दोघी शेंगा फोडायला बसल्या. लग्नाचा मांडव, आचारी, रुसलेले व्याही, सगळं बोलून झालं. मग लंकाबाईंनी बाल्कनीकडे बघून आरोहीला दोन-तीन हाका मारल्या. आरोही गजाला कपाळ टेकून उभी होती.

"बोलत नाय का अजून?"

"बोलंल," चतुराबाई म्हणाल्या.

"बापावर नाय गेली मंग." लंकाबाई मोकळ्या हसल्या. "सूनबाई, तुझा नवरा लय बडबड्या होता बरं का. दोन वर्षांचा नव्हता, दादा त्याला खांद्यावर घेऊन कांद्याच्या लिलावाला जायचा. तिथं हा वरून ओरडायचा, सातशे एक, सातशे दोन. व्यापारी गाडी सोडून याच्याकडं बघत राहायचे. दादा म्हणायचा, याच्या तोंडात गुळाचा खडा द्या रे कुणी, तेवढाच दम खाईल."

दादा म्हणजे सावळीराम, योगेशचे वारलेले वडील. परातीत शेंगा पडायच्या थांबल्या. चतुराबाई हातातल्या शेंगेकडे बघत होत्या.

उज्वलानं फार शांतपणे विचारलं, "आत्या, धाकट्या भाऊजींचं सांगताय का तुम्ही?"

"अगं, धाकटा तवा वहिनीच्या पोटात होता. योगूच. मी काय आज ओळखते का त्याला? वहिनी, सांगा की."

चतुराबाईंची नजर आतल्या खोलीकडे गेली.

मधलं दार उघडं होतं. ते कधी उघडलं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. योगेश बनियनवर उभा होता, डोळे लाल, गालावर उशीची घडी उमटलेली.

"हा बघा आला," लंकाबाई म्हणाल्या. "काय रे, आत्याला विसरला का?"

योगेशनं आत्याकडे पाहिलं नाही. "आई?" तो म्हणाला.

चतुराबाईंनी शेंग परातीत ठेवली. पदरानं हात पुसले. बोलल्या त्या नेहमीच्या हळू आवाजातच.

"ती रडत होती. मोरीपाशी बसून. म्हटलं, तेवढंच बरं वाटंल पोरीला. मला काय माहीत, तुम्ही इतके दिवस धरून बसाल."

लंकाबाई एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. उज्वलाला राग येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. सासूच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, आणि त्या बोलण्याचा आधार नसता तर तिनं तरी दुसरं काय केलं असतं, हे आता तपासता येण्यासारखं नव्हतं. आरोही साडेपाच वर्षांची होती. तेवढंच नक्की होतं.

योगेश बाल्कनीपाशी गेला. मुलीच्या मागे उभा राहिला.

"आरोही," त्यानं हाक मारली. पूर्ण आवाजात मारली. त्या घरात दिवसाच्या वेळी एवढा मोठा आवाज उज्वलानं कधी ऐकला नव्हता. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

हायवेवरून कांद्याचा एक ट्रक उजवीकडून डावीकडे गेला. आरोहीची नजर त्याच्याबरोबर गेली आणि परत आली.

योगेशनं गजाला हात लावला. न वळता, त्याच मोठ्या आवाजात तो म्हणाला, "मॅडमना फोन लाव. सोमवारपासून ती शाळेत येईल, सांग."